आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा गावात आणताना: खानदेशातील कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आरोग्य व आधाराच्या कामासाठी फिरताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते येथे उत्तरांसह मांडले आहेत. काही प्रश्न दवाखान्याबाहेरच्या बाकावर विचारले गेले, काही एसटीच्या प्रवासात, आणि सर्वांत अवघड प्रश्न बहुधा निरोप घेताना, दारापर्यंत सोडायला आलेल्या आईने किंवा वहिनीने हळू आवाजात विचारलेले आहेत. येथील माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. कोणाकडे जायचे, काय मागायचे आणि घरात काय सांभाळायचे, हे मात्र यावरून समजेल.

सामुदायिक आरोग्य सेवा म्हणजे काय? दवाखाना तर तालुक्याला आहेच.

दवाखान्यात जाणारा माणूस तेथे अर्धा तास असतो आणि उरलेला महिना घरात, शेतात, पारावर असतो. त्या उरलेल्या महिन्यात त्याच्यासोबत राहणारी व्यवस्था म्हणजे सामुदायिक सेवा. तिची पहिली कडी म्हणजे आशाताई. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून साधारण १,००० लोकवस्तीमागे एक आशा नेमण्याची पद्धत आहे आणि आदिवासी भागात लहान पाड्यालाही आशा मिळू शकते. त्यानंतर येते उपकेंद्र. सपाटीच्या भागात ते सुमारे ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात सुमारे ३,००० लोकसंख्येसाठी असते, आणि त्याचेच आता बहुतेक ठिकाणी आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे. तेथे परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. अंगणवाडी, महिला बचत गट, व्यसनमुक्तांच्या सभा, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक हे आरोग्य खात्याचे नसले तरी आम्ही त्यांना याच व्यवस्थेत धरतो, कारण आजारातून उठलेल्या माणसाला औषधाइतकीच गरज कामाची, कागदपत्रांची आणि चार माणसांत बसण्याची असते.

कमी शिकलेली आशाताई किंवा गावातलाच एखादा कार्यकर्ता मनाच्या आजारात काय मदत करणार?

ही शंका रास्त आहे. गोव्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्यांना व धोकादायक प्रमाणात दारू पिणाऱ्यांना मोजक्या भेटींत समुपदेशन दिले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या लोकांमध्ये अधिक सुधारणा दिसली. आजाराचे निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे, त्यात तडजोड नको. पण अहिराणी बोलणारी बाई जेव्हा ‘जीव घाबरा व्हस’ किंवा ‘रातले झोप लागत नही’ म्हणते, तेव्हा त्यामागे अशक्तपणा आहे, घरातला त्रास आहे की नैराश्य, याचा पहिला अंदाज तिची भाषा आणि तिचे घर ओळखणाऱ्या माणसालाच लवकर येतो. आशाताईने तो अंदाज आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवला, तरी महिनोन्‌महिन्यांची हेळसांड वाचते.

डॉक्टर म्हणाले की आमचा मुलगा बरा आहे. पण तो दिवसभर नुसता बसून असतो. याला बरे होणे म्हणायचे का?

सर्वाधिक घरांत विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आवाज ऐकू येणे, संशय येणे, अंगावर धावून जाणे ही लक्षणे औषधाने बहुधा लवकर आटोक्यात येतात. उत्साह न वाटणे, बोलणे कमी होणे, अंघोळीलाही न उठणे ही लक्षणे मात्र मागे रेंगाळतात, आणि काही वेळा औषधाची गुंगीही त्यात भर घालते. त्यामुळे ‘आळशी झाला’ असे म्हणण्यापूर्वी ही बाब डॉक्टरांना जरूर सांगावी. पुष्कळदा औषधाची मात्रा किंवा वेळ बदलल्याने फरक पडतो.

दुसरे कारण घरातच असते. आजारपणाच्या काळात आपण त्या माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतो. प्रथम मोटारसायकलची किल्ली जाते, मग खिशातले पैसे, मग मोबाइल, मग लग्नाकार्याला जाणे. त्या वेळी ते गरजेचे असेलही, पण आजार ओसरल्यावर या गोष्टी परत द्यायच्या कोणाच्या ध्यानातच राहत नाही. रावेर तालुक्यातील एका केळीच्या मळ्यावर मी पाहिले की पस्तिशीचा एक माणूस ओसरीवर खाटेवर बसून होता आणि समोर घड कापायला माणसे आली तरी त्याला कोणी एक शब्द विचारत नव्हते. आजारी पडण्यापूर्वी व्यापाऱ्याशी बोलून वजनाचा हिशेब तोच ठेवत असे. आशाताईने त्याच्या वडिलांना एवढेच सुचवले की जिभाऊ, सकाळचे दूध डेअरीवर याला नेऊ द्या. पहिल्या आठवड्यात त्याचा धाकटा भाऊ मागून चालत गेला. नंतर तो एकटाच जाऊ लागला आणि डेअरीच्या खातेपुस्तकावर फॅट व लिटरचे आकडे स्वतः तपासून आणू लागला. दोनेक महिन्यांनी त्याने एका नोंदीतली चूक दाखवली, तेव्हा वडिलांनी ते पुस्तक त्याच्याकडेच ठेवले. पुढच्या तोडीला वजनकाट्याजवळ तो उभा होता.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. काम लहान असावे, रोजचे असावे, ते खरोखर घराच्या उपयोगाचे असावे आणि कोणते काम घ्यायचे हे त्या माणसानेच निवडावे. त्याला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले खोटे काम तो लगेच ओळखतो. आमच्या मते पुनर्वसनाचे सगळे मर्म त्याच्या हातून गेलेले निर्णय एकेक करून त्याच्या हाती परत देण्यात आहे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा तुम्हाला दिसेल.

मानसोपचारासाठी कोठे जायचे?

महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, खानदेशात एकही नाही. त्यामुळे आमच्या भागात ‘ठाण्याला नेले’ या दोन शब्दांना फार कडवट अर्थ चिकटला. आता तेवढ्या लांब जाण्याची गरज क्वचित पडते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने वाढलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे जिल्हा पातळीवर तपासणी आणि मोफत औषधे देण्याची सोय केलेली आहे. प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे आणि तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे कळल्यावरच निघावे, कारण वार चुकला की एका दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे बसभाडे वाया जाते.

फोनवरून बोलायचे असल्यास १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेवर दिवसरात्र कधीही, मराठीतूनही बोलता येते.

तो अंगावर धावून येतो, म्हणून आम्ही त्याला साखळीने बांधतो. दुसरा इलाज काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईचा अपमान करण्याचा अधिकार कोणालाही नाही. बहुतेक घरांत आधी उपचार थकलेले असतात, पैसे संपलेले असतात, आणि मगच साखळी आलेली असते. तरीही साखळी काढावीच लागेल. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जण मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ९५ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही स्वरूपात साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे.

व्यवहारात वाट अशी आहे. प्रथम आशाताईमार्फत वैद्यकीय अधिकाऱ्यांना घरी बोलवावे किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे. अनावर अवस्था काही दिवसांच्या भरतीने बहुधा निवळते. गोळी घेतच नाही अशी अडचण असेल, तर काही औषधे महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनच्या स्वरूपातही मिळतात, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. साखळी काढण्याचा दिवस आधी ठरवावा, त्या दिवशी घरात त्याचे ज्याच्याशी पटते तो माणूस हजर असावा, आणि पायाच्या जखमेवर त्याच दिवशी मलमपट्टी करावी. जखमेकडे लक्ष दिले की त्याच्याशी बोलणे आपोआप सुरू होते, हा आमचा अनुभव आहे.

भगताकडे किंवा बडव्याकडे (पाड्यावरच्या पारंपरिक मांत्रिकाकडे) नेले तर चालेल का?

मनाला धीर मिळत असेल तर पूजेला आमची हरकत नाही. अट तीनच गोष्टींची आहे: औषध बंद होऊ नये, मारहाण, धुरी किंवा चटके देणे असे काही होऊ नये आणि कर्ज काढून खर्च होऊ नये. सातपुड्यात अनेक ठिकाणी बडव्याचा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा वजनदार असतो. म्हणून त्यालाच विश्वासात घेऊन ‘तुमचा विधी झाला की याला दवाखान्यात पाठवा’ असे सांगितले, तर तोच माणूस रुग्ण पाठवू लागतो.

एका बाबतीत मात्र गप्प बसता येणार नाही. घरातले मूल दगावले किंवा कोणाला आजार जडला म्हणून एखाद्या बाईला डाकीण ठरवले जात असेल, तर ताबडतोब पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला कळवावे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यासाठीच आहे. अशा बाईचे पुनर्वसन फार कठीण असते, कारण तिला त्याच पाण्यावर आणि त्याच बाजारात परत जायचे असते. तिच्याबरोबर पहिल्या बाजाराला आशाताई, अंगणवाडीताई आणि गटातल्या दोन बाया गेल्या, तर त्या एका फेरीने बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

दारू सोडायची आहे. उद्यापासून एकदम बंद केली तर?

रोज सकाळपासून पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू नये. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. शरीराला दारूची सवय झालेली असते, त्यामुळे ती तुटल्यावर काही तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. गावात याला ‘बाहेरचे लागले’ म्हणतात आणि नेमका तोच मोलाचा वेळ अंगाऱ्यात जातो. रुग्णालयात काही दिवस औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुरक्षित पार करता येतो. माहितीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

खरे अवघड काम त्यानंतरचे आहे. दारू सुटली की माणसाची संध्याकाळ रिकामी होते. सहा वाजता कामावरून सुटल्यावर कोठे जायचे, हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी विचारतो आणि उत्तर कागदावर लिहून घेतो. कोणी भजनी मंडळ सांगतो, कोणी शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल, कोणी नुसते ‘मुलीचा अभ्यास’ असे सांगतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि तिच्या सभा महाराष्ट्रातील अनेक गावांत भरतात. तेथे वर्गणीची सक्ती नसते, आडनाव विचारत नाहीत आणि बोलणारा स्वतः त्याच वाटेने गेलेला असतो, म्हणून त्याचे ऐकले जाते.

मोहाच्या दारूविषयी वेगळे सांगायला हवे. भिल्ल आणि पावरा समाजात पूजेला, लग्नाला, होळीला ती लागतेच, आणि परंपरेला शिव्या देऊन कोणाचे व्यसन सुटत नाही. देवाला धार वाहून स्वतः न पिणारी माणसे याच समाजात आहेत. ज्याला सोडायची आहे त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे भर पंगतीत आग्रह होत नाही.

पत्नीने काय करावे? तिने राखण करू नये. खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे, पाठोपाठ फिरणे यात ती स्वतः आजारी पडते. तिला बचत गट, तिची झोप आणि तिच्या नावावरचे बँक खाते हवे. मारहाण होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा, जिल्ह्याच्या सखी केंद्रात निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एका ठिकाणी मिळते. नवरा आजारी आहे म्हणून मार सहन करावा, असे कोणत्याही उपचारात लिहिलेले नाही.

क्षयाचे औषध चालू आहे, पण दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आहे. औषधासाठी थांबलो तर उचल परत कशी करायची?

थांबण्याची सक्ती नाही, पण सांगून जावे. साध्या क्षयाचे उपचार साधारण ६ महिने चालतात आणि पहिल्या दोन महिन्यांत बरे वाटू लागते, त्यामुळे नेमके तेव्हाच औषध सुटते. अर्धवट सोडलेला क्षय औषधांना दाद देईनासा होतो, आणि तो कोपीवरच्या, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीतल्या, लेकरांनाही होऊ शकतो. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, दिलेला असतो, आणि तो दाखवल्यावर गुजरातमधील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील सरकारी केंद्रातही पुढचे औषध मिळते. जाण्यापूर्वी आशाताईला मुकादमाचे नाव, कारखाना आणि चालू असलेला फोन क्रमांक द्यावा. शक्य असल्यास मुकादमाच्या फोनमध्येही औषध संपण्याची तारीख लिहून ठेवावी.

पोषण आहारासाठी केंद्र सरकार रुग्णाच्या खात्यात महिना १,००० रुपये जमा करते. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होती. खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे पैसे अडकल्याची तक्रार फार येते, म्हणून पहिल्याच भेटीत पासबुक दाखवावे. होळीला घरी परतल्यावर थुंकीची तपासणी करून घ्यावी.

सुरतेला कामासाठी असणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. भुसावळ-सुरत मार्गावर रोज इतकी माणसे ये-जा करतात की महिन्याचे पाकीट गावाहून पाठवणे सोपे वाटते, पण तपासणीशिवाय नुसते पाकीट पाठवत राहणे धोक्याचे आहे.

सिकलसेल असलेल्या मुलीला शाळेतून काढावे का?

काढू नये. सिकलसेल हा जन्मजात रक्तदोष आहे, संसर्ग नाही, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणात आढळतो. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, तापावर लगेच उपचार आणि डॉक्टरांनी दिले असल्यास हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणे एवढे सांभाळले, तर दुखण्याचे झटके कमी होतात. वर्गशिक्षकांना तीन गोष्टी लेखी द्याव्यात: बाटलीतून पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे आणि दुखू लागल्यास उन्हात उभे करू नये. एसटीच्या साध्या बसमध्ये अशा रुग्णांना प्रवास सवलत आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याने दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार मानले त्यांत सिकलसेल आणि मानसिक आजार हे दोन्ही येतात, त्यामुळे टक्केवारी बसत असल्यास प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) अवश्य काढावे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

घरातल्या माणसाने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. आता तो विषय काढावा की टाळावा? पोलीस केस होते का?

विषय काढावा. विचारल्याने डोक्यात विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. ‘अजून तसे वाटते का?’ असे शांतपणे, एकांतात विचारले तर बहुतेकांना हलके वाटते. उत्तर ऐकून घाबरून उपदेश करू नये. ‘मी आहे, आपण उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ’ एवढे बोलणे पुरेसे असते, आणि सकाळी खरोखर जावे. धोका आत्ता वाटत असेल तर रात्रीच रुग्णालय गाठावे आणि त्याला एकटे सोडू नये.

कापसाच्या पट्ट्यात एक साधी काळजी जीव वाचवते. फवारणीची औषधे घरात, खाटेखाली किंवा माळ्यावर ठेवू नयेत. ती शेतातल्या कोठीत कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. तो विचार अनेकदा काही मिनिटांत तीव्र होतो आणि ओसरतो, त्या मिनिटांत बाटली हाताशी नसणे फार मोलाचे आहे.

कायद्याविषयीची भीती आता सोडावी. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हा ठेवलेला नाही. शिक्षेच्या भीतीने खासगीत लपवून उपचार करू नयेत.

ज्या घरात शेतकऱ्याचा असा मृत्यू झाला आहे, तेथे पत्नीसमोर एकाच वेळी दुःख आणि कागद येतात. पात्र ठरलेल्या कुटुंबाला शासनाकडून १ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्याबरोबर सातबारावर वारस म्हणून तिचे नाव लागले का, हे तलाठ्याकडे स्वतः पाहावे. दिरांनी ‘नंतर बघू’ म्हटले तरी थांबू नये, विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे आणि महिलांना तेथे मोफत वकील मिळतो. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. आम्ही मुद्दाम त्यानंतर जातो, कारण खरे एकटेपण तेव्हा सुरू होते.

आमचा पाडा डोंगरात आहे. या सेवा आमच्यापर्यंत येतात का?

येतात, पण उशिरा आणि कमी, हे मान्य केले पाहिजे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून अजूनही बांबूला झोळी बांधून रुग्ण रस्त्यापर्यंत आणावा लागतो, आणि लोकांनीच त्याला ‘बांबूलन्स’ असे नाव दिले आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नर्मदाकाठच्या गावांना बोटीवरचा तरंगता दवाखाना लागतो. रस्ता हवा ही मागणी सोडू नये. तोपर्यंत प्रत्येक पाड्याने झोळी उचलणाऱ्या आठ जणांची नावे, पावसाळ्यातली वाट आणि नेटवर्क मिळते ती टेकडी आधी ठरवून ठेवावी.

कुपोषित बाळाबाबत आया म्हणतात की १४ दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात राहिले तर घरच्या दुसऱ्या लेकरांना कोण पाहील. बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित असते आणि तेथे न्यावे लागू शकते. केंद्रात आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. थोरल्या मुलांची सोय अंगणवाडीताई आणि शेजारणी मिळून करू शकतात, फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी ती ठरलेली असावी.

घरी कार्यकर्ते आले की सगळ्या गल्लीला कळते. मग?

ही तक्रार खरी आहे. सुरुवातीच्या काळात मी हातात रजिस्टर घेऊन भर दुपारी एका घरासमोर उभा राहून मुलीचे नाव घेऊन हाक मारली होती. संध्याकाळपर्यंत गल्लीत चर्चा झाली आणि ठरत आलेली सोयरीक लांबली. त्या मुलीने नंतर दोन वर्षे आमच्याशी बोलणे टाळले, आणि तिचे चुकले नाही. तेव्हापासून भेट कोठे घ्यायची हे रुग्णच सांगतो. कोणी उपकेंद्रात रक्तदाबाच्या रांगेत भेटतो, कोणी आठवडे बाजारात. आपली माहिती गुप्त राखली जाणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो मोडल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

आमच्याकडचा उन्हाळा फार कडक असतो. औषधे चालू ठेवावीत का?

चालू ठेवावीत, पण हा प्रश्न डॉक्टरांना मार्च महिन्यातच विचारावा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की औषधाचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढते. जुलाब, उलट्या, हात जोरात थरथरणे, तोल जाणे असे काही दिसल्यास पुढची गोळी देण्यापूर्वी लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आजाराच्या इतर काही औषधांनीही घाम कमी येतो आणि उष्माघात लवकर होतो. अशा माणसाने दुपारी १२ ते ४ शेतात जाऊ नये. गोळ्या पत्र्याच्या घरात खिडकीवर न ठेवता माठाजवळच्या सावलीच्या कोनाड्यात, कोरड्या डब्यात ठेवाव्यात.

तो वर्षभर चांगला होता आणि पुन्हा आजारी पडला. म्हणजे सगळे वाया गेले का?

नाही. मधुमेहाची साखर वाढली म्हणून कोणी मागचे वर्ष वाया गेले म्हणत नाही, तसेच हे आहे. शिवाय दुसऱ्या वेळी घर शिकलेले असते. आजार येण्यापूर्वीच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात: एकाची झोप दोन रात्री उडते, एकजण अचानक नातेवाइकांना फोनवर फोन करू लागतो, एकीचे जेवण तुटते. माणूस बरा असताना त्याच्याबरोबर बसून या खुणा, तेव्हा कोणाला बोलवायचे, कोणत्या दवाखान्यात न्यायचे आणि कोणी अजिबात येऊ नये, हे सर्व त्याच्याच शब्दांत एका कागदावर लिहावे. कायद्याने याला अग्रिम निर्देशाचे स्वरूपही देता येते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो.

रावेरच्या त्या घरात हा कागद डेअरीच्या खातेपुस्तकात घडी करून ठेवलेला आहे. त्यावर पहिल्या ओळीत त्याने लिहिले आहे की सलग दोन दिवस मी दूध घेऊन गेलो नाही, तर आशाताईंना फोन करावा, आणि तो फोन माझ्यासमोर करावा.